‘विकलेली नवरी’: बापाचं कर्ज, दलालाचा कागद आणि स्मेतानाचं संगीत

गावातल्या दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे आणि मुलीचा बाप आडवा येतो. एवढ्या एका ओळीवर जगभरात अगणित नाटकं उभी राहिली आहेत. बेद्रिख स्मेताना या चेक संगीतकाराचा ‘प्रोदाना नेव्येस्ता’, म्हणजे ‘विकलेली नवरी’, हा ऑपेराही याच ओळीवर उभा आहे. पण बाप आडवा का येतो, या प्रश्नाचं उत्तर इथे फार नेमकं आहे. तो दुष्ट नाही. मुलीवर त्याचा राग नाही. तिच्या प्रियकराशी त्याचं वैर तर नाहीच. त्याच्या डोक्यावर कर्ज आहे, आणि ज्याचं कर्ज आहे त्याला सून हवी आहे. सगळा गुंता या देण्याघेण्यातून तयार होतो आणि शेवटी सुटतो तो एका कागदावर लिहिलेल्या तीन-चार शब्दांनी.

म्हणून हा ऑपेरा समजून घ्यायचा तर प्रेमापेक्षा आधी व्यवहार समजून घ्यावा, असं मला ठामपणे वाटतं. व्यवहार कळला की संगीत आपोआप बोलायला लागतं.

आधी जुजबी ओळख. ऑपेरा पहिल्यांदा रंगमंचावर आला 30 मे 1866 रोजी, प्रागच्या ‘प्रोविजनल थिएटर’मध्ये. चेक लोकांचं स्वतःचं मोठं राष्ट्रीय नाट्यगृह तेव्हा उभं राहायचं होतं. तोवर सोय म्हणून हे छोटं नाट्यगृह 1862 मध्ये सुरू झालं होतं. सुरुवातीला ऑपेरा दोन अंकी होता आणि गाण्यांच्या मधे साधे बोललेले संवाद होते, म्हणजे त्याचं रूप आपल्या संगीत नाटकाच्या बरंच जवळचं होतं. स्मेतानाने त्यावर पुढची चार वर्षं काम केलं. दोनाचे तीन अंक झाले, नाच आले, बिअरचं समूहगीत आलं, आणि बोललेल्या संवादांच्या जागी बोलण्याच्या लयीत गायलेले संवाद आले. आज जगभर जो सादर होतो तो हा 25 सप्टेंबर 1870 चा अवतार.

गोष्ट बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, एका खेड्यात घडते. सणाचा दिवस आहे, चौकात गाणी चालली आहेत. मार्झेंका मात्र उदास आहे. तिचं येनीकवर प्रेम आहे, आणि आज घरी तिच्यासाठी दुसरं स्थळ येणार आहे. येनीक गावात बाहेरून आलेला. कुठला, कुणाचा, हे कुणाला नीट माहीत नाही. मार्झेंका त्याला त्याच्या मागच्या आयुष्याबद्दल विचारते तेव्हा तो सांगतो की तो चांगल्या, सधन घरातला आहे. आई लवकर गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि सावत्र आईने त्याला घराबाहेर काढलं. फक्त वडिलांचं नाव तो सांगत नाही. ही गोष्ट पहिल्याच अंकात येऊन जाते. प्रेक्षक ती ऐकतो आणि प्रेमगीताच्या ओघात विसरतो. लेखकाने सगळा दारूगोळा तिथेच पेरून ठेवलेला आहे.

मग मार्झेंकाचे आईवडील, लुदमिला आणि क्रुशिना, येतात आणि त्यांच्यासोबत येतो केत्सल. केत्सल हा लग्न जमवणारा दलाल. स्थळ आणणं, दोन्हीकडची बोलणी करणं, कागद तयार करणं, साक्षीदार गोळा करणं हा त्याचा धंदा. त्याने आणलेलं स्थळ आहे तोबियाश मीखा या धनाढ्य जमीनदाराचा मुलगा, वाशेक. मीखाला खरं तर दोन मुलं. थोरला पहिल्या बायकोचा. तो वाया गेलेला, कामाचा नाही, त्याचा विचारच नको, असं केत्सल बोलता बोलता उडवून लावतो. धाकटा वाशेक, दुसऱ्या बायकोचा. तिचं नाव हाता. तो किती गुणी, किती शांत, हे सांगताना केत्सलची जीभ थांबत नाही. मुलगा प्रत्यक्ष आलेला नाही, कारण तो फार लाजाळू आहे, हेही तो गुण म्हणूनच सांगतो.

इथे लुदमिला, मुलीची आई, एक साधी गोष्ट सुचवते: मुलीला विचारायला हवं ना? ती विरोधात नाही, पण तिला घाईही नाही. क्रुशिना मात्र अडकलेला आहे. मीखाचं त्याच्यावर कर्ज आहे आणि तो शब्द देऊन बसला आहे.

या बापाकडे जरा नीट पाहायला हवं, कारण प्रयोग पाहताना तो सहज नजरेआड होतो. गोष्ट नेमकी कुठल्या सालातली ते ऑपेरा सांगत नाही, पण 1866 चा प्रेक्षक तिच्याकडे कुठल्या अनुभवातून पाहत असेल ते कळतं. बोहेमिया तेव्हा ज्यात होता त्या ऑस्ट्रियन साम्राज्यात 1848 मध्ये शेतकऱ्यांची वेठ संपली. जमीनदारासाठी फुकट राबण्याची सक्ती गेली, शेतकरी आपल्या जमिनीचा धनी झाला. धनी झाला म्हणजे जमीन विकणं, तारण ठेवणं, तिच्यावर कर्ज काढणं, हेही त्याच्या हातात आलं. अशा गावात ज्याच्याकडे रोख पैसा तो वरचढ. क्रुशिना गरीब नाही, त्याला मान आहे, घर आहे, शेत आहे; पण तो मीखाला नाही म्हणू शकत नाही. मुलगी त्या घरात दिली की देणं आणि नातं एकाच हिशोबात मिटतं. तो स्वतःला हे मुलीच्या भल्याचंच आहे असं सांगतो, आणि त्यात तो खोटं बोलतोय असं संगीत कुठेही सुचवत नाही. स्मेतानाने त्याला आरडाओरडा करणारी एकही मोठी एकल चीज दिलेली नाही. तो कायम इतरांसोबत गातो, बहुतेक वेळा केत्सलच्या मागे मागे. दलालाने चाल धरायची आणि बापाने ती उचलायची. त्याची सगळी असहायता या मांडणीतून ऐकू येते.

कायदा काय सांगत होता? ऑस्ट्रियाची 1811 ची नागरी संहिता तेव्हा बोहेमियात लागू होती. तिच्यानुसार वयाची 24 वर्षं पूर्ण होईपर्यंत माणूस अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, समजला जाई आणि अज्ञान मुलामुलीला लग्नासाठी वडिलांची संमती लागे. म्हणजे क्रुशिनाचा नकार हा नुसता घरातला रुसवा नव्हता, त्यामागे कायद्याचं बळ होतं. पण त्याच संहितेत दुसरी एक तरतूद होती: लग्नाचं वचन किंवा साखरपुडा झाला म्हणून कुणावर लग्न करण्याची सक्ती होत नाही, आणि माघार घेतल्यास अमुक रक्कम देईन असं ठरवलं असलं तरी तीही वसूल करता येत नाही. म्हणजे केत्सल ज्या कागदाचा एवढा गाजावाजा करतो, तो न्यायालयात कितपत टिकला असता हा प्रश्नच आहे. तो टिकतो गावात. चार लोकांसमोर वाचला गेला, सह्या झाल्या, साक्षीदार उभे राहिले की त्यातून मागे फिरणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. येनीकने नेमकं हेच हेरलं आहे. ज्या शस्त्राने त्याला बाहेर काढायचं आहे तेच तो उचलतो.

आता दुसऱ्या अंकातल्या सौद्याकडे येऊ. संपूर्ण ऑपेराचा कणा इथे आहे, आणि मी तर म्हणेन, पहिल्यांदा पाहणाऱ्याने बाकी काही सुटलं तरी चालेल पण इथे कान टवकारून बसावं.

खानावळीत बिअर चालली आहे. पुरुष बिअरची थोरवी गातात, येनीक प्रेमाची, केत्सल पैशाची. मग केत्सल येनीकला बाजूला घेतो. तो थेट पैशाचं नाव काढत नाही. आधी तो सांगतो की बायको करणं ही किती खर्चाची बाब आहे. मग सुचवतो की आपल्या माहितीत दुसरी एक मुलगी आहे, तिच्याकडे सोन्याची नाणी आहेत, घरदार, गुरंढोरं, सगळं आहे. हे द्वंद्वगीत ऐकण्यासारखं आहे. केत्सल मुलीची मालमत्ता मोजत जातो, आणि येनीक त्याचेच शब्द त्याच चालीत त्याला परत करत जातो. केत्सलला वाटतं, पोरगा पाघळला. ऐकणाऱ्याला हळूहळू कळतं की येनीक या दलालाची भाषा शिकून घेतोय.

येनीक त्या मुलीला नको म्हणतो. मग आकडा निघतो: शंभर गुल्डन, म्हणजे तिथलं तेव्हाचं चलन. पुरत नाहीत. वाढवत वाढवत केत्सल तीनशेवर येतो. या रकमेचं वजन कळावं म्हणून एक गोष्ट सांगतो. 1861 मध्ये काउंट हार्राख यांनी चेक भाषेतल्या उत्तम ऑपेरांसाठी बक्षीस जाहीर केलं होतं, एका ऑपेराला 600 गुल्डन. स्मेतानाच्या आधीच्या, पहिल्या ऑपेराला ते मिळालं. म्हणजे त्या काळातल्या मानाच्या बक्षिसाच्या निम्मी रक्कम केत्सल एका परक्या पोराला मुलीवरचा हक्क सोडण्यासाठी द्यायला निघाला आहे. किरकोळ लाच नव्हे ही.

येनीक तयार होतो, पण दोन अटी घालतो. एक: मार्झेंकाचं लग्न मीखाच्या मुलाशीच होईल, दुसऱ्या कुणाशीही नाही. दोन: तिच्या वडिलांचं मीखाकडचं सगळं देणं माफ व्हावं. केत्सलला या अटी म्हणजे देवच पावल्यासारखं वाटतं, कारण त्याला जे हवं तेच समोरचा मागतोय. तो खूश होऊन कागद करायला धावतो.

कागदात ‘वाशेक’ हे नाव नाही. ‘मीखाचा मुलगा’ एवढंच आहे. आणि येनीक मीखाचा थोरला, घरातून घालवलेला मुलगा आहे.

केत्सलसारख्या मुरलेल्या माणसाला हे कसं कळलं नाही, असं वाटू शकतं. पण पहिल्या अंकात त्यानेच थोरल्या मुलाला हिशोबातून काढून टाकलं होतं. जो माणूस आपल्या लेखी उरलेलाच नाही त्याच्यासाठी कागदात पळवाट राहील, हे त्याच्या मनातही येत नाही. आणि दुसरी अट पाहा. येनीक मुलगी तर मिळवतोच, शिवाय सासऱ्याच्या मानेवरचं जोखडही काढून टाकतो. ज्या कारणामुळे बाप आडवा आला ते कारणच तो नाहीसं करतो. बापाशी भांडून, मुलीला पळवून नेऊन हे साधलं नसतं. संगीत सौभद्रातही थोरल्या भावाने भलत्याच ठिकाणी ठरवलेलं लग्न युक्तीने मोडलं जातं, पण तिथली युक्ती कृष्णाची आहे. इथे देव नाही, राजा नाही. एक घरातून हाकललेला तरुण आहे आणि त्याला करार वाचता येतो.

मग केत्सल सगळ्या गावाला गोळा करतो आणि कागद वाचून दाखवतो. आधी लोक येनीकच्या त्यागाने भारावतात. पुढचं कलम येतं: याबद्दल त्याला तीनशे गुल्डन मिळाले. गावाचा सूर एकदम पालटतो. ज्याने प्रेयसी विकली तो माणूस कसला, असं म्हणत सगळे त्याच्यावर तुटून पडतात, आणि त्यांत क्रुशिनाही आहे. हा क्षण मला फार मोलाचा वाटतो. मुलीला कर्जाच्या हिशोबात धरणारा बाप, तिला पैसे घेऊन सोडणाऱ्या तरुणाला नीच ठरवतो. गावातही कुणाला त्यात विसंगती दिसत नाही. व्यवहार घराण्याघराण्यांत झाला तर ती रीत, आणि एकट्या पोराने केला तर ती विक्री. ऑपेराचं नाव ज्या विक्रीबद्दल आहे ती येनीकने केलेली असं गाव समजतं. प्रेक्षकाला मात्र दिसतं की खरी बोली पहिल्या अंकातच लागली होती.

संगीताबद्दल सगळ्यात सुंदर गोष्ट आता सांगतो. या ऑपेराचं सुरुवातीचं वाद्यसंगीत, ओव्हर्चर, जगभरच्या वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत स्वतंत्रपणे वाजतं. ज्यांनी ऑपेरा कधी पाहिला नाही त्यांनीही ते ऐकलेलं असतं. सगळा वृंद एकदम जोरात सुरू होतो आणि लगेच आवाज खाली येतो. व्हायोलिनचा एक गट अतिशय हळू आवाजात पण अतिवेगात धावायला लागतो, मग दुसरा गट तीच धाव घेऊन मागे येतो, मग त्यांच्याहून खालच्या सुरातली तंतुवाद्यं. गावात एखादी बातमी कानोकानी पसरावी तसं ते पसरत जातं. बहुतेकांना हे सणाचं, आनंदाचं संगीत वाटतं. पण हेच संगीत ऑपेरात पुन्हा येतं ते दुसऱ्या अंकाच्या शेवटी, करार वाचला जातो तेव्हा. स्मेतानाने ओव्हर्चर आधी लिहिलं होतं, गोष्टीचा सगळा तपशील ठरायच्याही आधी. म्हणजे आनंदाचं म्हणून हाताशी असलेलं ते संगीत त्याने नाचाला वापरलं नाही, प्रेमाला वापरलं नाही, नेमकं त्या कागदाला वापरलं. एकदा हे लक्षात आलं की ओव्हर्चर पहिल्यासारखं ऐकू येत नाही. त्या धावत्या सुरांत कुजबुज आहे, शाई वाळायच्या आधी सही उरकण्याची घाई आहे, आणि सगळ्यांच्या नाकासमोरून काहीतरी निसटून चालल्याची गंमतही आहे.

केत्सलचा आवाज खर्जातला, बास. तो एकाच सुरावर भराभर शब्द ओततो, तेच तेच पुन्हा सांगतो, समोरच्याला मधे तोंड घालायला जागा ठेवत नाही. प्रेमिकांचं संगीत याच्या अगदी उलट: पहिल्या अंकातल्या त्यांच्या द्वंद्वगीतात लांब, श्वासाला जागा असलेल्या ओळी आहेत, सोबतीला क्लॅरिनेटचा मऊ आवाज आहे. कुणाला किती वेळ मिळतो, एवढ्याच फरकातून स्मेताना सांगतो की कोण सौदा करतंय आणि कोण मनातलं बोलतंय.

हा ऑपेरा ‘लोकसंगीताचा’ म्हणून ओळखला जातो, त्याबद्दल बराच गैरसमज आहे. लोकगीतं गोळा करून ओवली की चेक ऑपेरा तयार होईल, असं त्या काळातल्या मोठ्या मंडळींना वाटत होतं. राजकीय नेते फ्रांतिशेक रिगर यांचं मत तसंच होतं. स्मेतानाचा त्याला सरळ विरोध होता. अशाने नुसती गाण्यांची गोधडी होईल, एकसंध कलाकृती नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्याने लोकगीतांच्या चाली क्वचितच उचलल्या. त्याने घेतल्या त्या नाचांच्या लयी. पहिल्या अंकाच्या शेवटी पोल्का, दुसऱ्यात फुरियांत, तिसऱ्यात सर्कशीच्या खेळाला स्कोचना. हे तिन्ही नाच 1869 च्या दुरुस्त्यांत आले.

यातला फुरियांत हाताने टाळी देऊन समजून घेता येतो. ठेका तीन-तीन मात्रांचा आहे, पण जोर भलतीकडे पडतो. एक-दो, एक-दो, एक-दो, एक-दो-तीन, एक-दो-तीन. प्रत्येक ‘एक’वर टाळी द्या. मात्रा बाराच होतात, म्हणजे तीनाचे चार गट, पण सुरुवातीला कान फसतो. दोनाचा ठेका आहे असं वाटतं आणि मग पायाखालची लय सरकते. चेक खेड्यातल्या नाचणाऱ्याला ही लय अंगवळणी पडलेली होती. या ऑपेराचं ‘लोक’पण या लयीत आहे. आणि फुरियांत संपून थोड्याच वेळात येतो तो सौदा, जिथे शब्दांचा जोरही असाच भलतीकडे पडलेला आहे.

मार्झेंकाबद्दल मात्र मनात एक सल राहतो, आणि तो झाकून पुढे जाणं बरोबर नाही. ती बापाला थेट सांगते की मी दुसऱ्याला शब्द दिलाय. ती स्वतः वाशेकला गाठते, आपण कोण हे न सांगता त्याला घाबरवते की ती मार्झेंका फार वाईट, तिचं दुसऱ्यावर प्रेम आहे, ती तुझा जीव घेईल. बिचारा वाशेक तिला नाकारायची शपथ घेतो. म्हणजे तीही आपल्या परीने डाव खेळते. पण येनीक तिला आपला डाव सांगत नाही. सही होईपर्यंत गुप्तता ठेवणं समजू शकतं. कागद झाल्यावर तरी सांगायला काय हरकत होती? तिसऱ्या अंकात तिला तो कागद दाखवला जातो, त्यावर त्याची सही आहे. दोघांचे मिळून चार आईबाप आणि दलाल तिच्याभोवती हळू, समजुतीच्या सुरात गातात: विचार कर, मार्झेंका. कुणी ओरडत नाही. त्या मृदू संगीतात जितका दबाव आहे तितका आधीच्या कुठल्याच भांडणात नाही. ते गेल्यावर ती एकटी गाते. प्रेमाचं स्वप्न किती सुंदर होतं, आणि आता ते उरलं नाही. विनोदी ऑपेरा तेवढा वेळ विनोदी राहत नाही.

आणि त्यानंतर येनीक हसत येतो, आणि तिचा राग पाहूनही तिला सगळं स्पष्ट सांगत नाही. तू मीखाच्या मुलाशीच लग्न करशील, असं खुशाल म्हणतो. रंगमंचावर याचा परिणाम नायकनायिका कसे साकारतात त्यावर अवलंबून असतो. काही प्रयोगांत तो नुसता खट्याळ वाटतो, काहींत क्रूर. माझं मत असं की येनीकची कायदेशीर हुशारी जितकी निर्दोष, तितकं त्याचं मार्झेंकाशी वागणं निर्दोष नाही. स्मेतानालाही ते जाणवलं असावं, कारण अख्ख्या ऑपेरातलं सगळ्यात खोल गाणं त्याने तिला दिलं आहे.

शेवट भराभर होतो. मीखा आणि हाता समोर येतात, थोरल्याला ओळखतात. कागद चोख आहे, साक्षीदार सगळा गाव आहे. आता निवड मार्झेंकाची: मीखाचा हा मुलगा की तो? ती येनीककडे जाते. केत्सलची गावभर शोभा होते.

वाशेकवर मात्र पुष्कळदा अन्याय होतो. तो अडखळत बोलतो, आणि ते अडखळणं स्मेतानाने सुरांतच लिहून ठेवलं आहे. शब्दाचं पहिलं अक्षर लहान लहान सुरांवर पुन्हा पुन्हा येतं. पूर्वी यावर सभागृह हसायचं आणि तेवढ्यावर काम भागायचं. पण नीट ऐकलं तर त्याच्या गाण्यात चेष्टा नाही, घाबरलेपण आहे. त्याच्याही डोक्यावर आई बसली आहे. त्याचंही लग्न त्याला न विचारता ठरलं आहे. गावात आलेल्या सर्कशीतली एस्मेराल्दा त्याला आवडते, अस्वलाचं सोंग घेणारा माणूस दारू पिऊन पडलेला असतो, म्हणून वाशेक तिच्यासाठी अस्वल व्हायला तयार होतो. शेवटी ‘अस्वल सुटलं’ म्हणून पळापळ होते आणि कातड्याखालून वाशेक बाहेर येतो. मीखाला तेव्हा कळतं की या पोराचं एवढ्यात लग्न लावण्यात अर्थ नाही, आणि तो थोरल्याला आशीर्वाद देतो. आईबापांच्या हट्टातून वाशेकची सुटका अस्वलाच्या कातड्यात होते. मार्झेंकाएवढीच त्यालाही ती हवी होती.

नाट्यसंहिता लिहिणाऱ्या कारेल साबिनाचं आयुष्य या गोष्टीच्या शेजारी ठेवलं की अंगावर काटा येतो. 1848-49 च्या क्रांतिकारी चळवळीत तो होता. त्याला फाशीची शिक्षा झाली, मग ती 18 वर्षांच्या कैदेवर आली, आणि 1857 मध्ये माफीने तो सुटला. त्यानंतर पैशांच्या विवंचनेत तो पोलिसांचा खबऱ्या झाला. 1872 मध्ये हे उघडकीला आलं आणि चेक समाजाने त्याला वाळीत टाकलं. 1877 मध्ये तो मेला. म्हणजे पैसे घेऊन आपल्या माणसाला विकल्याचा आरोप होणाऱ्या नायकाची गोष्ट त्याने लिहिली तेव्हा तो स्वतः आपल्या माणसांच्या बातम्या विकत होता. येनीककडे शेवटी दाखवायला एक सत्य होतं. साबिनाकडे नव्हतं.

ऑपेराला यशही लगेच मिळालं नाही. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी कडक उकाडा होता, सुट्टी होती, आणि प्रशियाशी युद्ध तोंडावर आलं होतं. ते जूनमध्ये पेटलंच. दोन प्रयोगांनंतर खेळ थांबला. ऑक्टोबरमध्ये तो परत आला तेव्हा लोकांनी उचलून धरला. 1871 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या समीक्षकांनी त्याला झिडकारलं. 1882 मध्ये प्रागमध्ये शंभरावा प्रयोग झाला, पण स्मेतानाला तो ऐकता आला नाही. 1874 पासून तो पूर्ण बहिरा झाला होता. शंभराव्या प्रयोगानंतर दोन वर्षांनी तो वारला. 1892 मध्ये प्रागच्या कलावंतांनी व्हिएन्नातल्या प्रदर्शनात प्रयोग केला आणि तिथून ऑपेरा जगभर गेला. 1909 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गुस्ताव माहलर या ऑस्ट्रियन संगीतकाराने त्याचं संचालन केलं, जर्मन भाषेत. व्हिएन्ना आणि न्यूयॉर्कने ही चेक खेड्यातली गोष्ट ऐकली ती अशी. आणि स्मेताना, ज्याचं स्वतःचं शिक्षण जर्मनमधून झालं होतं आणि जो मोठेपणी धडपडत चेक लिहायला शिकला, त्याच्याच कामातून चेक भाषा ऑपेराच्या रंगमंचावर पक्की बसली.

पहिल्यांदा ऐकायचं असेल तर ओव्हर्चरने सुरुवात करू नका, असं मी सांगेन. आधी दुसऱ्या अंकातलं केत्सल आणि येनीकचं द्वंद्वगीत घ्या, मग अंकाच्या शेवटचं करारवाचन, आणि त्यानंतर ओव्हर्चर. मग मार्झेंकाचं तिसऱ्या अंकातलं एकल गाणं. उपशीर्षकं असलेलं चित्रीकरण मिळालं तर फारच उत्तम, कारण करारवाचनाच्या वेळी कुणाचं नाव घेतलं जातं आणि कुणाचं नाही, ते शब्द समोर असले की नेमकं पकडता येतं.